एकसंध आणि झाकणवाले

खोली दाखवण्याआधी भाऊंनी मला एकच प्रश्न विचारला, "दार आपटता का?"

मी नाही म्हटलं.

"सगळे नायच म्हनतात," असं म्हणत त्यांनी मला दार लावून दाखवायला सांगितलं. मी लावलं. त्यांनी ते उघडलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. हा माणूस दाराची परीक्षा घेतोय की माझी, हेच मला कळेना. उन्हातून ट्रंक उचलून आलो होतो, घशाला कोरड पडली होती, आणि शेवटी वैतागून मी दार जरा जोरात लोटलं. तेव्हा कुठे भाऊंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "म्हंजे दमल्यावर आपटता," ते म्हणाले. "चालंल. कदी आपटनार ते कळलं म्हंजे बरं असतं." आणि मला खोली मिळाली.

साठचं दशक तेव्हा सरत आलं होतं. खोपोलीजवळच्या एका कागद गिरणीत मी हिशेबखात्यात कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. भाऊ त्याच गिरणीत रद्दीच्या गोदामावर मुकादम होते. शिळफाट्याला त्यांचं कौलारू घर होतं आणि घराच्या मागच्या अंगाला ही भाड्याची खोली. घरात भाऊ, वहिनी आणि त्यांची शाळेत जाणारी एकुलती एक मुलगी शालन. त्यांच्या माजघराच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये कुडाची भिंत होती. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं, आणि हे माहीत असल्यामुळे भाऊ जरा मोठ्यानंच बोलायचे. सगळा फाटा त्यांना भाऊ म्हणायचा. मला ते शेवटपर्यंत 'क्लार्क' म्हणाले.

भाऊंच्या विद्वत्तेचा उगम रद्दीत होता. गिरणीत लगदा करायला परदेशातून रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यात जुनी वर्तमानपत्रं, कॅटलॉग, मासिकं, काय वाटेल ते असायचं. गठ्ठे फुटले की त्यातली चार रंगीत पानं जेवणाच्या डब्याबरोबर कामगारांच्या घरी जायची. शिळफाट्यावरच्या कितीतरी स्वयंपाकघरांत फळ्यांवर, मिठाच्या बरणीखाली, फ्रीज उघडून हसत उभ्या राहिलेल्या गोऱ्या बायका अंथरलेल्या असत. भाऊंच्या वाट्याला मात्र बंदुकांचं मासिक आलं. मुखपृष्ठ फाटलेलं आणि मागची पानं गेलेली. मधला एक लांबलचक लेख तेवढा शाबूत होता. दोन वजनदार मॅग्नम रिव्हॉल्व्हरांपैकी मजबूत कोणतं आणि टिकाऊ कोणतं, हा त्याचा विषय.

इंग्रजी चौथीत शाळा सोडलेल्या भाऊंनी तो लेख डिक्शनरी घेऊन एकेक ओळ करत लावला. मी राहायला आलो तोवर त्यांना तो तोंडपाठ झाला होता. फक्त शेवट नव्हता. परीक्षा कशी घेतली, जादा दारू कशी भरली, काय झिजलं, काय हललं, हे सगळं होतं. निकालाचं पान तेवढं लगद्यात गेलं होतं.

इथे हेही सांगायला हवं की भाऊंनी आयुष्यात कधी रिव्हॉल्व्हर हातात धरलं नव्हतं. गणपतीच्या बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराच्या कमरेची चामड्याची पिशवी त्यांनी एकदा जवळून पाहिली होती. तेवढ्यावरून "आतलं हलकं हाय" असा शेरा मारून ते घरी आले होते.

त्यांच्याकडून मला जे कळलं ते असं. मॅग्नम म्हणजे नेहमीपेक्षा लांब काडतूस आणि त्यात नेहमीपेक्षा जास्त दारू. तो बार सोसायचा तर हत्यारही तसंच दणकट हवं. भाऊंच्या भाषेत त्यातलं एक होतं 'एकसंध'. त्याचा सांगाडा एका तुकड्याचा, कुठे जोड नाही. त्याचं चक्र बाहेर निघत नाही. मागच्या बाजूला एक इवलीशी झडप असते, तिच्यातून एकेक काडतूस आत ढकलायचं. दिसायला ओबडधोबड, वापरायला कटकटीचं, पण सोसायला भक्कम. दुसरं 'झाकणवालं'. त्याच्या कुशीला झाकण असतं, स्क्रू काढले की आतलं सगळं यंत्र उघडं पडतं. चक्र एका दांडीवर बाहेर झुलतं, सगळी काडतुसं झटपट भरता येतात, चाप लोण्यासारखा चालतो. पण मोठे बार खाऊन खाऊन ते हळूहळू सैल होत जातं. मजबूत म्हणजे एका मोठ्या बारात न फुटणारं, आणि टिकाऊ म्हणजे रोजच्या बारांनी सैल न होणारं. या दोन्हींत लोक घोटाळा करतात, आणि म्हणूनच देशाचं हे असं झालंय, असं भाऊंचं मत होतं.

त्यांचा खरा राग सिनेमावाल्यांवर होता. पडद्यावरचा शूर माणूस काडतुसं भरतो आणि मनगटाला झटका देऊन चक्र आत बसवतो. ते दृश्य आलं की भाऊ खोपोलीच्या टुरिंग टॉकीजमध्ये उठून उभे राहायचे. "अरं, दांडी वाकंल ती," असं पडद्याला सांगायचे. मागचे लोक ओरडायचे, वहिनी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवायच्या. "रिव्हॉल्व्हर बारानं मरत नाय, मालकाच्या मनगटानं मरतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते समजावून सांगायला त्यांच्याकडे एक पितळी पानाचा डबा होता. झाकणाला बिजागरी होती. ते झाकण ते आधी अंगठ्यानं हळूच मिटून दाखवत, हे बरोबर. मग मनगटाला झटका देऊन खाडकन मिटत, हे चूक. येणाऱ्या प्रत्येकाला, वाण्याला, पोस्टमनला, वसुलीच्या तलाठ्याला, दोन्ही प्रकार पाहावे लागत. बरोबर प्रकार एकदाच दाखवला जायचा. चुकीचा नीट समजला नाही असं वाटून दोन-तीनदा.

हळूहळू त्यांनी सगळा खालापूर तालुका या दोन जातींत वाटून टाकला. सरपंच झाकणवाले, कारण दोन कप चहात त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर. गिरणीचे मॅनेजर एकसंध, पण गंजलेले. आमचे डॉक्टर झाकणवाले असून बाहेरून एकसंधचा रंग लावलेले. स्वतः भाऊ अर्थातच एकसंध. दुखलं-खुपलं सांगायचं नाही, कौतुक करायचं नाही, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. त्यांची आई गेली तेव्हाही ते सगळ्यांच्या जेवणाची व्यवस्था बघत हिंडत होते म्हणे. "मला कुठल्यात घातलंय ते इतक्या वर्सांत सांगितलं नाय," वहिनी भाकरी थापता थापता म्हणायच्या. भाऊ त्यावर पानाला चुना लावत राहायचे.

भाऊंना विरोधी पक्षही होता. फाट्यावर सायकलीचं दुकान चालवणारे एक निवृत्त हवालदार होते. त्यांची नोकरी फौजेत झाली होती, पण कपड्यांच्या कोठारात. त्यांनी भाऊंकडून तो लेख ऐकला आणि ऐकता ऐकताच झाकणवाल्याची बाजू घेतली. "जे उघडतं ते दुरुस्त व्हतं," असं त्यांचं म्हणणं. "तुमचं एकसंध बिघडलं तर काय हातोडीनं फोडनार?" या एका वाक्यावर शिळफाट्यावर वर्षानुवर्षं चहा खपला. पुढे पुढे फाट्यावर दोन तटच पडले. न पाहिलेल्या हत्यारावरून माणसं एकमेकांच्या हळदीला जाईनाशी झाली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका उमेदवारानं गल्लीत येऊन, आपण मनानं एकसंधच आहोत, असं सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो पडला, कारण हवालदारांकडे सायकली जास्त होत्या.

एकदा कर्जतकडचा एक शेतकरी भाऊंचं नाव ऐकून आला. भाताच्या शेतात रानडुकरं शिरतात म्हणून त्याच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. आज्यापासून चालत आलेली. घोडा तांब्याच्या तारेनं बांधलेला, दस्त्याला टायरची पट्टी. "जरा बघा," तो म्हणाला. भाऊंनी हवालदारांना बोलावून घेतलं. दोघांनी ती बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि ही मागेच फुटायला हवी होती, यावर त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. "पन फुटली नाय," शेतकरी म्हणाला. "ते तिचं चुकलं," भाऊ म्हणाले. शेतकरी बंदूक खांद्याला लावून गेला. त्या साली त्याच्या शेतात डुकरं आली की नाही, कुणास ठाऊक.

मी एकदा भाऊंना सुचवलं होतं की मुंबईत माझा मावसभाऊ एका मोठ्या वाचनालयात कामाला आहे, त्याला सांगून त्या मासिकाचा अख्खा अंक शोधून काढू. निकाल कळेल. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घराला आग लावायची परवानगी मागितली होती. "कशाला?" ते म्हणाले. "आमचं दोगांचं चाललंय ते बरं नाय का?" हवालदारांना ही गोष्ट कळली तेव्हा तेही दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर शालन लग्नाची झाली.

लेखात रिव्हॉल्व्हरची जी परीक्षा होती, तीच भाऊंनी येणाऱ्या स्थळांना लावली. एका भेटीत कुणीही चांगलं दिसतं, खरं कळतं ते परत परत बोलावल्यावर, असा त्यांचा सिद्धांत. पहिलं स्थळ कर्जतच्या भाताच्या व्यापाऱ्यांचं आलं. पोहे झाले, मुलगी पाहून झाली. भाऊंनी मुलाला विचारलं, "सकाळी किती वाजता उठता?" मुलगा म्हणाला, पाचला. भाऊंनी मंडळींना पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं. काहीतरी देण्याघेण्याचं बोलायचं असेल असं समजून ती आली. पुन्हा पोहे झाले. भाऊंनी विचारलं, "सकाळी किती वाजता उठता?" मुलगा म्हणाला, साडेपाच. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, उठतो लवकर. पाहुणे गेल्यावर भाऊ माझ्याकडे वळले. "बगितलं क्लार्क? चक्र हलाया लागलं." चौथ्या रविवारी यायला ती मंडळी काही वेडी नव्हती.

दुसरं स्थळ पनवेलहून आलं, सरकारी कचेरीतलं. त्याला भाऊंनी जादा भाराची परीक्षा लावली. वहिनींना पुरणपोळ्या करायला लावल्या आणि त्या बिचाऱ्याला आग्रह करकरून इतक्या वाढल्या की शेवटी तो जे विचाराल त्याला हो म्हणत सुटला. गिरणीत नोकरी कराल का, हो. घरजावई व्हाल का, हो. रोज बंदुकांवर ऐकून घ्याल का, त्यालाही हो. "फुटला नाय, पन सैल झाला," म्हणून भाऊंनी त्याला परत पाठवलं. असं होता होता कर्जतपासून चौक गावापर्यंत बोभाटा झाला. शिळफाट्याच्या त्या मुकादमाकडे जाऊ नका, पोरगी चांगली आहे पण बाप उजळणी घेतो. स्थळं यायची बंद झाली. शालनच्या मैत्रिणींची पोरं पाटी घेऊन शाळेत जायला लागली होती. कुडापलीकडून वहिनींचं दबक्या आवाजातलं रडणं आता वरचेवर ऐकू यायचं. मला भाऊंचा संताप यायचा, पण भाडेकरूच्या संतापाला विचारतो कोण.

अशा वेळी लोधिवलीचे मास्तर आले. झेडपीच्या शाळेत शिकवणारे, हसतमुख आणि बडबडे. पहिल्या भेटीतच त्यांनी सांगून टाकलं की आपण मॅट्रिकला एकदा नापास झालो होतो, आईचा स्वभाव तापट आहे आणि आपल्याला गाण्याचा नाद आहे पण गळा नाही. झाकणवाल्याचा इतका अस्सल नमुना भाऊंनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "सकाळी किती वाजता उठता?"

"सातला," मास्तर म्हणाले. "रविवारी आठ."

एकसंध घराण्याला हा मोठाच धक्का होता. पण पुढच्या रविवारी विचारलं तेव्हाही मास्तर म्हणाले सातला, रविवारी आठ. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पोहे खारट करून झाले, उन्हात बसवून झालं, हवालदारांसमोर दुपारभर वाद ऐकवून झाला. मास्तर लोधिवलीहून जुन्या हायवेनं सायकल हाणत यायचे, घाम पुसायचे आणि सातला, रविवारी आठ, असं सांगून जायचे. उत्तर हलेना, म्हणून भाऊंची जिद्द वाढली. शालन मात्र रविवारी उजाडल्यापासून अंगण झाडायची, आणि झाडून झालेलं पुन्हा झाडायची. वहिनींना कळलं होतं, मला कळलं होतं, सायकलीच्या दुकानात बसणाऱ्या टवाळांनाही कळलं होतं. भाऊ तेवढे चक्र बघत बसले होते.

पाऊस येऊन गेला, नवरात्र आलं. मग एका संध्याकाळी हवालदार भाऊंच्या अंगणात आले. भांडण फाट्यावर करायचं असा दोघांचा अलिखित करार होता, त्यामुळे त्यांना घरी आलेलं पाहून सगळेच उठून उभे राहिले. मीही खोलीतून बाहेर आलो.

"मास्तरांच्या आईचा निरोप हाय," हवालदार म्हणाले. "येत्या रविवारी तुमी लोधिवलीला नारळ घेऊन या. आला नाय तर त्यांनी कर्जतची पोरगी बगून ठेवलीय. तिथं त्या सोमवारी जानार."

"परीक्षा पुरी झाली नाय अजून," भाऊ म्हणाले. "टिकाऊपना असा घाईत कळत नाय."

"अवो, किती रविवार झाले?"

"लेखात त्यांनी किती बार काढले ठाव हाय का तुमाला?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात शालन माजघरातून पानाचा डबा घेऊन आली आणि तिनं तो भाऊंच्या पुढ्यात ठेवला. त्याची बिजागरी कधीच तुटली होती आणि झाकण दोऱ्यानं बांधलेलं होतं. आम्हा सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की कुणाला काही वाटत नसे.

"बाबा, ह्या डब्यात तुमी कदी जादा पानं कोंबलीत?"

"नाय."

"कदी हातातनं पडला?"

"नाय. का गं?"

"मंग बिजागरी कशानं गेली?"

भाऊंनी दोऱ्याच्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"दाखवून दाखवून गेली," शालन म्हणाली. "कसं मिटू नये ते दाखवून." मग ती भाऊंच्या समोरच बसली. "मास्तर एकसंध हायत का झाकनवाले, मला ठाव नाय. पन अजून बोलावत राह्यलात तर ते यायचे नायत. बिघाड त्यांच्यात नाय, बाबा. तुमच्या मनगटात हाय. आनि मला त्यांच्याशीच लगीन करायचंय."

त्या घरात इतकं सरळ कुणी कधी बोललं नव्हतं. भाऊंनी दोरा सोडवला. झाकण त्यांच्या हातात सुटं आलं. ते त्यांनी डब्यावर बसवून पाहिलं, पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. अंगठ्यानं, अगदी हळू. ते काही बसलं नाही. मग वर न बघता ते म्हणाले, "हवालदार, तुमच्या सायकलीत हवा हाय का? लोधिवलीला सांगून या. नारळ घेऊन येतो म्हनावं."

लग्न झालं. पाठवणीला फाट्यावरच्या टवाळांसकट सगळे रडले. भाऊ टेंपोत सामान नीट लागलंय की नाही ते बघत होते. फळी खाडकन लावली म्हणून त्यांनी ड्रायव्हरला झापलं.

त्यानंतर भाऊंनी नवीनच खूळ काढलं. दर रविवारी सकाळी जेवून ते लोधिवलीला जायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. ओटीवर शालनच्या सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाईंच्या कपाळावरची आठी बघून मी न बसता खांबाला टेकून उभा राहिलो. शालन पाणी घेऊन आली. भाऊंनी तिला विचारलं, "बरं हाय ना?" ती म्हणाली, "बरं हाय." एवढंच. मग भाऊ सासूबाईंसमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "विहीनबाई, मागच्या रविवारी आपन चक्राच्या दांडीपाशी आलो होतो." सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. ऊन उतरेपर्यंत भाऊ त्यांना एकसंध सांगाडा समजावत होते. फाट्यावर सगळे हसायचे, की म्हाताऱ्यानं आता पोरीला टिकाऊपणाच्या परीक्षेला बसवलंय. मीही त्या हसण्यात होतो. सवय माणसाला सोडत नाही, असं मला वाटलं होतं.

पुढे भाऊ निवृत्त झाले, हवालदार गेले, फाट्यावर चहाच्या टपऱ्या वाढल्या आणि वादाला तोडीचं कुणी उरलं नाही. मग भाऊंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. भाऊंना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. आता रविवारी शालन येऊ लागली. कुडापलीकडून मला ऐकू यायचं.

"बरं हाय ना, बाबा?"

"बरं हाय."

दर रविवारी तोच सूर, तेवढाच आवाज. रात्रभर ज्या माणसाचं कण्हणं मी ऐकलेलं असायचं, तो सकाळी पोरीला हे उत्तर द्यायचा. एकदा ती चहा टाकायला आत गेली तेव्हा त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कुजबुजून विचारलं, "क्लार्क, उत्तर हललं नाय ना?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "जरासुद्धा नाही."

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मला तिथे थांबवेना. अंगणात आलो तर मागोमाग शालन आली. तिची एसटीची वेळ झाली होती.

"खोटं बोलतात ना?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"मी पन खोटंच बोलायची," ती म्हणाली. "पयलं वरीसभर. सासूबाईंच्या मनात राग व्हता. त्यांच्या पोराला इतके रविवार दारात झुलवलं म्हनून. घासाघासाला बोलायच्या. मास्तर मधे पडले की जास्तच. बाबांनी विचारलं की मी म्हनायची, बरं हाय."

"आणि भाऊंना ते खरं वाटायचं?"

"पयल्याच रविवारी त्यांनी वळखलं. म्हनून तर येत राह्यले. आपल्यामुळं झालंय ते त्यांना कळत व्हतं, पन तसं बोलून दाखवनार कसं? निघताना मला मागीलदारी गाठून हळूच म्हनाले, तू फकस्त टिक, म्हातारीला मी सैल करतो." ती हसली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "वरीस भरलं नि सासूबाईंनीच हात जोडले. म्हनाल्या, तुमची पोर फुलासारखी ठेवते, पन ते चक्र आता पुरं करा. तवापासनं खरंच बरं हाय."

"मग त्यानंतरही भाऊ का जात राहिले?"

"उत्तर खरं झालं का ते बगायला," ती म्हणाली.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती फाट्याकडे गेली. पुढचा रविवार भाऊंना मिळाला नाही, पण ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. मी वळून ओटीवर आलो तेव्हा आतून भाऊंचा बारीक आवाज आला, "क्लार्क, दार." मी आत गेलो. आदली रात्र त्यांच्या उशाशी बसून काढली होती, अंग आंबून गेलं होतं, तरी दार आपटलं नाही.